मी एकट्यानेच बोअर का नाही घ्यायचा?

प्रश्न: ताई, बीड जिल्ह्यात आमची दोन एकर मोसंबी आहे. विहीर जानेवारीतच तळाला जाते. आजूबाजूला सगळ्यांनी पाचपाचशे फूट बोअर मारलेत, त्यानेच गावची पिण्याची विहीर आटते असं मला वाटतं म्हणून मी घेतला नाही. वडील रोज म्हणतात, गावाचा मक्ता तू एकट्यानेच घेतलायस का? पाणाड्याकडून जागापण बघून ठेवलीय. काय करू?

उत्तर: दादा, वडिलांचं निम्मं बरोबर आहे हो. तुम्ही न उपसलेलं पाणी जमिनीखाली तुमच्या नावावर जमा राहत नाही, शेजारच्याच्या मोटरीने निघून जातं. पण म्हणून बोअर मारा असं मी नाही म्हणणार. आपल्याकडे खाली काळा कातळ, पाणी असतं ते मुख्यतः वरच्या मुरमात नि भेगांत, खोल गेल्यावर भेग लागली तर लागली, नाहीतर नुसता फुफाटा उडतो आणि गाडीवाल्याला फुटावर पैसे द्यावेच लागतात. शिवाय २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली जायला बंदी आहे, पाळतं कोण ते सोडा.

पाणी राखून दुष्काळातून वर आलेल्या, नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचं नाव निघालं की सगळे बंधारे नि झाडांचंच बोलतात, मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे तिथे कुणा एका भल्या माणसावर सोडलं नाही, गावाने मिळून ठरवलं, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाणी कमी तर पिकं बदलायची. (पोपटराव पवारांसारखा सरपंच आम्हाला कुठून मिळणार म्हणाल, तेही खरंय.)

एकदम सगळे बोअर बंद करा म्हणालात तर लोक उठून जातील. पिण्याच्या विहिरीपासून सुरुवात करा, सार्वजनिक स्रोताच्या ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर नको हे तर १९९३ च्या कायद्यातच होतं, ग्रामसभेत तेवढाच ठराव मागा. बागेचं म्हणाल तर यंदा बहार धरू नका, म्हणजे फळं घेऊ नका, बुडाशी पाचट पसरा, ठिबकवर झाडं फक्त जगवा. आणि ग्रामसभेला वडिलांना सोबत न्या, बोलू पण त्यांनाच द्या, शेजाऱ्यांवरचा राग तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त दिसतोय.