आरोग्य-शंका : वृषणातली गाठ आणि सुईची घाई

प्रश्न : धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. उजव्या वृषणात टणक गाठ लागते, दुखत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. सोनोग्राफीत ‘आतून भरीव, २.४ सेंमी’ असं आलंय. आता सुई घालून तपासू म्हणतात. करावं का? (एक वाचक, लातूर)

सुई घालू देऊ नका. अशी टणक, न दुखणारी, भरीव गाठ कर्करोगाची असू शकते. इतर बऱ्याच गाठींत आधी सुई, मग निदान असा क्रम असतो. इथे तो चालत नाही. वृषण गर्भात पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतं आणि खाली उतरताना आपल्या रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या (लसिका म्हणजे लिम्फ नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या) सोबत घेऊन येतं. म्हणून त्याची लसिका पोटाच्या मागच्या बाजूला, महारोहिणीलगतच्या (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) लसिकाग्रंथींकडे जाते. वृषणांच्या पिशवीच्या कातडीची लसिका मात्र जांघेतल्या ग्रंथींकडे. पिशवीतून सुई गेली की कर्करोगाला ही दुसरी वाट मोकळी होऊ शकते.

आता करायचं ते असं. शस्त्रक्रियेआधी रक्तातले एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच हे ‘मार्कर’ (अशा गाठींमुळे रक्तात वाढू शकणारे पदार्थ) तपासा. हे आकडे नंतर मोजले तर तुलनेला काहीच उरत नाही. छाती-पोटाचा सीटी स्कॅन काढा. पुढे मुलं हवी असतील तर वीर्य गोठवून ठेवण्याचं आधीच विचारून घ्या. शस्त्रक्रियेचा छेद जांघेत घेतात, वृषणरज्जू (वृषणाच्या रक्तवाहिन्या व नळ्यांची जुडी) वरच्या टोकाला बांधतात आणि वृषण अखंड बाहेर काढतात. पिशवीवर छेद घेणार असतील तर थांबा, दुसरं मत घ्या. निदान पॅथॉलॉजिस्ट त्या अख्ख्या वृषणावरूनच करतो. (रोग फुप्फुसांत पसरलेला आणि मार्कर प्रचंड वाढलेले असा अत्यवस्थ रुग्ण हा अपवाद; त्याला आधी केमो सुरू करतात.)

मार्कर नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका, सेमिनोमा या वृषणाच्या कर्करोगाच्या प्रकारात ते अनेकदा नॉर्मलच असतात. आणि एक जुनी सवय: अंधारात टॉर्च धरून पिशवी लाल उजळली की ‘हायड्रोसील (वृषणाभोवती साचलेलं पाणी) आहे’ म्हणून मोकळं होणं. गाठीभोवतीही पाणी साचतं. तेव्हा उजळतं ते पाणी, गाठ आत लपलेली राहते. एका कोर्सनंतर सूज टिकली तर दुसरा कोर्स नको, सोनोग्राफी हवी होती.

प्रश्न : मुलाचा रिपोर्ट ‘शुद्ध सेमिनोमा’ आहे, पण शस्त्रक्रियेआधीचं एएफपी ८०० होतं. डॉक्टर म्हणतात, सेमिनोमा धरून चालणार नाही. रिपोर्ट चुकला का? (एक वाचक, नाशिक)

डॉक्टर बरोबर आहेत. या बहुतेक गाठींचं बीज जन्माआधी पडतं. गर्भातल्या काही जननपेशी प्रौढ न होता तशाच राहतात आणि वयात आल्यावर वाढू लागतात. ही सुरुवातीची अवस्था कोपनहेगनच्या नील्स स्काकेबेक यांनी १९७२ मध्ये वर्णिली. पुढे त्या पेशी जननपेशींसारख्याच राहिल्या तर सेमिनोमा होतो. गर्भासारख्या वागू लागल्या तर इतर प्रकार: योक सॅकसारखा (गर्भाच्या पोषक पिशवीसारखा) भाग एएफपी बनवतो, कोरिओकार्सिनोमा एचसीजी, आणि टेराटोमात चक्क कूर्चा किंवा केसही सापडतात. सेमिनोमात एचसीजी थोडं वाढू शकतं. एएफपी तो बनवतच नाही. यकृताचा आजार नसेल तर गाठीत कुठे तरी दुसरा प्रकार दडलेला आहे, कदाचित पॅथॉलॉजिस्टने न कापलेल्या तुकड्यात. ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) पुन्हा तपासून घ्या, पण उपचार तोवर नॉन-सेमिनोमाचेच, म्हणजे त्या इतर प्रकारांचेच.

आता आकडे उतरताहेत का, ते बघा. एएफपी निम्मं व्हायला ५ ते ७ दिवस, एचसीजीला साधारण दीड दिवस लागतो. सात दिवस धरले तर ८०० चे २८ दिवसांत ५० व्हायला हवेत. तेव्हाही ३०० असेल तर स्कॅन स्वच्छ दिसला तरी रोग शरीरात कुठे तरी शिल्लक आहे.

प्रश्न : वृषणाचा कर्करोग आहे, पण जांघेत गाठ नाही, म्हणजे तो पसरलेला नाही ना? (एक वाचक, पणजी)

असं धरता येत नाही. उजवीकडचा रोग आधी बहुधा महारोहिणी आणि महाशिरेच्या (हृदयाकडे रक्त परत नेणारी मुख्य शीर) मधल्या लसिकाग्रंथींत जातो, डावीकडचा महारोहिणीच्या डाव्या बाजूला, डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेखाली. त्या ग्रंथी बाहेरून हाताला लागत नाहीत. मोठ्या झाल्या की कंबर दुखते आणि रुग्ण हाडांच्या डॉक्टरकडे फिरत राहतो. पुढे फुप्फुसं. कोरिओकार्सिनोमा मात्र ग्रंथींची वाट न बघता रक्तातूनच फुप्फुसांत, मेंदूतही जातो. तरीही पसरलेल्या रोगातसुद्धा सिस्प्लॅटिन या औषधावर आधारलेल्या केमोने बहुतेक रुग्ण बरे होतात, म्हणून स्कॅन टाळू नका.

प्रश्न : बाळ नऊ महिन्यांचं आहे, एक वृषण पिशवीत उतरलेलं नाही. काय करावं? (एक वाचक, ठाणे)

सहा महिन्यांनंतर ते आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी. दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्या. त्याने पुढे कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून मुलगा वयात आल्यावर त्याला महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, दोन्ही वृषणं बोटांनी चाचपायला शिकवा. मागच्या बाजूला लागणारी मऊ दोरी ही शुक्राणूंची नळी, ती गाठ नव्हे.