मुलीसाठी पिकोलो घ्यावा का, आणि तोही पॉलिसीवर कर्ज काढून?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातून एका वाचकांनी लिहिले आहे: "माझे वय ४४. हातात येणारा पगार ७२ हजार, गृहकर्जाचा हप्ता २२ हजार, कर्जाची बाकी १९ लाख. पत्नी गृहिणी आहे. एकुलती एक मुलगी १४ वर्षांची असून तीन वर्षांपासून शाळेच्या बँडमध्ये पाश्चात्त्य पद्धतीची फ्लूट वाजवते. तिची फ्लूट ऑनलाइन ९ हजारांना घेतलेली असून खालचे स्वर हल्ली नीट निघत नाहीत. आता बँडसाठी पिकोलो (फ्लूटच्याच जातीचे, तिच्याहून लहान वाद्य) हवा आहे. लाकडी पिकोलो १ लाख ६० हजारांना मिळतो. तो २४ महिन्यांच्या ईएमआयवर घ्यावा, की मुलीच्या शिक्षणासाठी चार वर्षांपूर्वी काढलेल्या पॉलिसीवर कर्ज घ्यावे? तिचा हप्ता वर्षाला ९६ हजार असून तो १२ वर्षे भरायचा आहे, पाचवा हप्ता दोन महिन्यांनी आहे. २० वर्षांनी २४ लाख मिळतील, पैसे दुप्पट होतील, असे बँकेतील अधिकाऱ्यांनी सांगितले होते. चार-पाच वर्षांत मुलगी ऑर्केस्ट्रात वाजवून कमावू लागली की पिकोलोचा खर्च भरून निघेल. याखेरीज दीड लाखाची मुदत ठेव आहे." सोबत जोडलेल्या विवरणपत्रानुसार विम्याची रक्कम १० लाख, जमा बोनस १ लाख ७० हजार आणि सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी आज मोडल्यास मिळणारी रक्कम, २ लाख ५ हजार आहे.

पिकोलोसाठी ईएमआयही नको आणि पॉलिसीवर कर्जही नको. १५ टक्के व्याजाने २४ महिन्यांचा ईएमआय सुमारे ७,७५० रुपये बसतो, म्हणजे १ लाख ६० हजारांच्या वाद्यासाठी आपण १ लाख ८६ हजार मोजाल. पॉलिसीवरील कर्जाचे व्याज ९-१० टक्क्यांच्या आसपास असते, आणि ज्या पॉलिसीवर ते घ्यायचे तिचा स्वतःचा परतावा त्याच्या जेमतेम निम्मा आहे. वाद्याकडे मी पुढे येतोच, परंतु आपले पत्र वाचताना मला ज्या गोष्टीची खरी काळजी वाटली तिच्याविषयी आपण एक शब्दही विचारलेला नाही.

पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी १० वर्षांची होती. पॉलिसीची मुदत २० वर्षांची आहे, म्हणजे शिक्षणासाठी म्हणून विकलेल्या या योजनेचे पैसे मुलगी ३० वर्षांची होईल तेव्हा हाती येतील. तिची बारावी चार वर्षांवर आली आहे. महाविद्यालयाची फी भरायची वेळ येईल तेव्हा ही पॉलिसी आपल्याला काही देणार नाही, उलट दर वर्षी ९६ हजार मागत राहील. समोर बसलेल्या बापाच्या मुलीचे वय आणि योजनेची मुदत ही साधी बेरीज ज्या अधिकाऱ्यांनी केली नाही, किंवा केली आणि सांगितली नाही, त्यांनी आपले मोठे नुकसान केले आहे, आणि अशा विक्रीविषयी मला संताप वाटतो.

आता 'दुप्पट' पाहू. १२ हप्त्यांचे ११ लाख ५२ हजार होतात आणि त्याचे २४ लाख, म्हणून दुप्पट. परंतु पहिला हप्ता २० वर्षे अडकतो आणि शेवटचा नऊ वर्षे. हा काळ हिशेबात धरला की परतावा वर्षाला सुमारे ५ टक्के निघतो. तोही बोनस अपेक्षेप्रमाणे जाहीर होत राहिला तर, कारण २४ लाखांतील बराचसा भाग बोनसच्या अंदाजावर उभा आहे. पीपीएफ आज ७.१ टक्के देतो आणि त्याचे व्याज करमुक्त आहे.

याहून गंभीर बाब विम्याची आहे. घरात कमावते आपण एकटे आहात, डोक्यावर १९ लाखांचे कर्ज आहे आणि आयुर्विमा आहे अवघा १० लाखांचा. उद्या आपले काही बरेवाईट झाले तर विम्याची सगळी रक्कम बँकेला देऊनही गृहकर्ज फिटणार नाही, आणि घरखर्चाला दीड लाखाची ठेव उरेल. घरखर्च महिना ३० हजार धरला तर १५ वर्षांचे ५४ लाख होतात. त्यात कर्ज आणि मुलीच्या शिक्षणाचे १५ लाख मिळवले की गरज ८८ लाखांवर जाते. म्हणून आपल्याला १ कोटीचा साधा टर्म प्लॅन हवा, ज्यात मुदतीअखेर काहीही परत मिळत नाही. प्रकृती चांगली असेल आणि तंबाखूचे व्यसन नसेल तर ६० वर्षे वयापर्यंतच्या विम्याला वर्षाला २४ हजारांच्या आसपास हप्ता धरावा. वैयक्तिक आयुर्विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. 'हप्ते परत मिळणारा' टर्म प्लॅन कोणी पुढे केला तर तो नाकारावा. अर्ज भरताना रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया यांतले काहीही लपवू नये, कारण दावा नाकारला गेल्यास त्याची किंमत आपल्या पत्नीला मोजावी लागेल.

जुन्या पॉलिसीचे दोनच मार्ग आहेत. पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली, तर १२ पैकी ४ हप्त्यांच्या प्रमाणात ३ लाख ३३ हजार आणि जमा बोनस मिळून सुमारे ५ लाख होतील, पण ते आणखी १६ वर्षांनी. आज सरेंडर करून येणारे २ लाख ५ हजार सात टक्क्यांनी ठेवले तर तेवढ्याच काळात ६ लाखांच्या वर जातात आणि मधल्या काळात आपल्या हाताशी राहतात, म्हणून मी सरेंडरच करायला सांगेन. भरलेल्या ३ लाख ८४ हजारांपैकी जवळजवळ निम्मे बुडतील, आणि ते पचवणे कठीण आहे. परंतु बुडालेले पैसे उरलेले आठ हप्ते भरल्याने परत येत नाहीत, त्यामुळे आणखी ७ लाख ६८ हजार मात्र त्याच ठिकाणी जातात. दोन वर्षांहून अधिक हप्ते भरलेले असल्याने पूर्वी घेतलेली करसवलत परत करावी लागणार नाही.

क्रम मात्र चुकवू नका. टर्म पॉलिसी मंजूर होऊन तिचा कागद हातात आल्यावरच जुनी बंद करावी, आणि पाचव्या हप्त्याचे ऑटो डेबिट त्याआधी बँकेत लेखी अर्ज देऊन थांबवावे. चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकल्याची लेखी तक्रार बँकेकडे आणि विमा कंपनीकडे जरूर करावी, दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे जावे. पण चार वर्षांनी, तोंडी आश्वासनाच्या आधारावर, निकाल आपल्या बाजूने लागेल असे धरून पुढची आखणी करू नये.

आता वाद्य. पिकोलो फ्लूटच्या साधारण निम्म्या लांबीचा असतो, लिहिलेल्या स्वरापेक्षा एक सप्तक वर वाजतो आणि बोटे जवळजवळ तीच पडतात, म्हणून पालकांना तो छोटी फ्लूट वाटतो. प्रत्यक्षात फुंकेचे छिद्र लहान असल्यामुळे ओठांची ठेवण अधिक घट्ट आणि अचूक लागते, आणि ती ठेवण चांगल्या फ्लूटवरच तयार होते. मुलीच्या फ्लूटचे खालचे स्वर निघत नाहीत याचे कारण बहुधा छिद्रे झाकणाऱ्या कळांखालचे पॅड (मऊ गाद्या) नीट बसत नसून हवा गळते हे असावे. अशा वाद्यावर मूल जास्त जोराने फुंकायला शिकते आणि ती सवय पिकोलोवर फार महागात पडते. तिला आधी चांगली फ्लूट हवी. यामाहाची वायएफएल-२२२ किंवा त्याच तोडीची विद्यार्थी श्रेणीची, चांदीचा मुलामा दिलेली, बंद (मधोमध छिद्र नसलेल्या) कळांची फ्लूट ७० हजारांच्या आसपास धरावी. उघड्या छिद्रांच्या कळा, बी स्वरापर्यंत जाणारा लांब शेवटचा तुकडा, चांदीचा फुंकेकडचा तुकडा या गोष्टींसाठी आज जादा पैसे देण्याची गरज नाही. खरेदीपूर्वी तिच्या शिक्षकांना सोबत न्यावे आणि सर्वांत खालचा सी स्वर हलक्या फुंकेने वाजतो का, हे तिथेच पाहावे. नागपुरात अशा वाद्यांचे पॅड बदलणारा जाणकार कारागीर सहज सापडेल असे गृहीत धरू नका, दुरुस्ती कुठे होते हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

लाकडी पिकोलोला माझा आणखी एक आक्षेप आहे, तो आपल्या हवेमुळे. हे वाद्य बहुधा ग्रेनाडिला या काळ्या, जड लाकडाचे असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि हवा कोरडी, मग कूलरच्या दमट खोलीत रियाज, मग पुन्हा उन्हातून शाळा. अशा बदलांत लाकडाला तडा जाण्याचा धोका खरा असतो. नवे लाकूड सुरुवातीला रोज थोडा थोडा वेळच वाजवून रुळवावे लागते, आणि शाळेच्या बँडमध्ये तेवढा धीर कोणी धरत नाही. उघड्या मैदानावर वाजवायला एबीएस प्लॅस्टिकच्या नळीचा पिकोलो योग्य असतो. बँडलाच पिकोलो हवा असेल तर तो शाळेने विकत घ्यावा, असा अर्ज शिक्षकांमार्फत जरूर द्यावा. तिने बंद खोलीत पिकोलोचा सराव केला तर कानांत इअरप्लग असावेत.

ऑर्केस्ट्रातून खर्च वसूल होण्याची अपेक्षा कृपया सोडून द्यावी. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, परंतु अशा कोणत्याही ऑर्केस्ट्रात फ्लूटवादक दोन ते चार असतात आणि पिकोलो त्यांच्यापैकीच एक जण वाजवतो. मुलगी मन लावून वाजवते हे फ्लूट घेण्यास पुरेसे कारण आहे. तिच्या वाजवण्यावर परतफेडीचे ओझे टाकू नये.

पैशांची सोय अशी होते. या वर्षी वाचणाऱ्या ९६ हजारांतून २४ हजार टर्म विम्याला आणि ७० हजार फ्लूटला जातील. मुदत ठेव मोडू नये, तीच आपली अडीअडचणीची गंगाजळी आहे आणि तीही अपुरी आहे. पुढच्या वर्षापासून दर महिन्याला ६ हजारांचे आवर्ती खाते सुरू केल्यास तीन वर्षांत सुमारे २ लाख ४० हजार जमतात, सरेंडरचे २ लाख ५ हजार चार वर्षांत २ लाख ७० हजारांच्या आसपास होतात, म्हणजे प्रवेशाच्या वेळी ५ लाख हाताशी असतील. एवढ्या कमी मुदतीसाठी शेअर बाजाराकडे वळू नये. कुटुंबाच्या आरोग्य विम्याविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. तो केवळ कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर संपेल, त्यामुळे पुढची पगारवाढ सर्वांत आधी तिघांच्या स्वतंत्र आरोग्य विम्याकडे वळवावी, आणि पिकोलोचा विचार त्यानंतर करावा.