आरसी नावावर आहे म्हणून निश्चिंत राहू नका

प्रश्न : मी अमळनेरला राहते. माझ्या नावावरची स्कूटर विकण्यासाठी मी फोटो टाकून ऑनलाइन जाहिरात दिली होती. शिरपूरच्या एकाशी ५५ हजारांत सौदा ठरला आणि त्याने २ हजार टोकन यूपीआयने पाठवलं. रविवारी तो मित्राला घेऊन आला, गाडी चालवून पाहिली आणि १३ हजार जागेवरच यूपीआयने दिले. उरलेल्या ४० हजारांचं एनईएफटी केल्याचा स्क्रीनशॉट दाखवून म्हणाला, 'आज रविवार, बँक बंद, उद्या जमा होतील.' मी चावी दिली. पाच आठवडे झाले, पैसे आलेले नाहीत. आधी तो फोन उचलत नव्हता. आता मेसेज आला आहे : 'गाडी ऑइल पिते, ४० देणार नाही, १० देतो, नाव करून द्या.' आरसी आणि सह्या केलेले २९-३० नंबरचे फॉर्म माझ्याकडेच असल्याने मी निश्चिंत होते. पण परवा धुळ्यातलं हेल्मेटचं ई-चलान माझ्या मोबाइलवर आलं. भाऊ म्हणतो, 'आपली गाडी शे, दुसरी चावी आहे, जाऊन घेऊन येऊ.' शेजारी म्हणतात चोरीची तक्रार दे. ग्राहक मंचात जाता येईल का?

उत्तर : ताई, तुमचा सगळा राग त्या ४० हजारांवर आहे आणि तो रास्तच आहे. मला मात्र तुमच्या पत्रात जास्त काळजीचं वाटलं ते ई-चलान. आरसी आपल्याकडे असली की दोर आपल्या हातात, असं बरेच विक्रेते धरून चालतात. दोर असतो खरा, पण त्याचं दुसरं टोक आपल्याच गळ्यात असतं.

मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हे स्पष्ट केलं. तिथे गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर आली. 'मी गाडी केव्हाच विकली' हे त्याचं म्हणणं टिकलं नाही. उद्या त्या माणसाने तुमच्या स्कूटरने कुणाला उडवलं, तर अपघात दाव्यात तुमचंही नाव येईल. त्याच्याकडे परवाना नसेल, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर ते तुमच्याकडून वसूल करू शकते. आणि विमाच संपलेला असेल तर सगळाच भार तुमच्यावर.

म्हणून पहिलं काम विम्याची तारीख पाहण्याचं. पॉलिसी संपत आली असेल तर थर्ड पार्टी विमा स्वतःच्या पैशाने भरा. हातात नसलेल्या गाडीसाठी पैसे भरायचे, हे ऐकून तुमचा भाऊ हसेल. हसू द्या. स्कूटरच्या थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता हजाराच्या आतबाहेर असतो आणि अपघात दावा लाखांत जातो. पावती जपून ठेवा, तो खर्चही आपण त्याच्याकडे मागू.

दुसरं काम आरटीओला पत्र लिहिण्याचं. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्याचसाठी असतात. तुमचे १४ दिवस उलटून गेले आहेत. तरीही २९ नंबरचा फॉर्म लगेच देऊन टाका, असं मी म्हणणार नाही. 'मी गाडी विकून हस्तांतरित केली' असं त्यात तुम्ही स्वतः लिहून देता आणि फसवणुकीच्या कारणाने सौदा रद्द करण्याची वेळ आली तर तोच कागद तुमच्यासमोर धरला जाईल. त्याऐवजी जळगावच्या आरटीओला साध्या भाषेत पत्र द्या : अमुक तारखेला गाडीचा ताबा अमुक व्यक्तीला दिला, खोटा स्क्रीनशॉट दाखवून ताबा घेतला गेला, ४० हजार बाकी आहेत, माझ्या लेखी संमतीशिवाय नाव बदलू नये. पत्राची पोच घ्या. पुढे एफआयआर झाला की त्याची प्रत जोडून दुसरं पत्र द्या. या पत्रांनी तुमची जबाबदारी पुसली जात नाही, हे मात्र लक्षात असू द्या. म्हणूनच विमा आधी सांगितला.

सह्या केलेल्या फॉर्मचा फोटोसुद्धा कुणाला पाठवू नका. गाडी कर्जावर घेतली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेतली असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का, तेही याच फेरीत पाहून घ्या.

आता पैशांकडे येऊ. पोलीस ठाण्यात गेल्यावर 'हा तर दिवाणी वाद, कोर्टात जा' हे वाक्य तुमच्या कानावर पडण्याची दाट शक्यता आहे. पुष्कळदा पोलिसांचं ते बरोबरही असतं. उधारीवर माल घेतला आणि पैसे थकवले, एवढ्याने गुन्हा होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर घोड्यांच्या दाणा-चाऱ्याचं थकलेलं बिल होतं. विक्री झाली म्हणजे माल विश्वासाने सांभाळायला दिला असं होत नाही, म्हणून थकलेल्या किमतीला विश्वासघाताचा गुन्हा लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. फसवणूक म्हणायची तर सौदा होतानाच मनात खोट होती, हे दिसावं लागतं. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा आणि विकणारा समोरासमोर असतात आणि व्यवहाराला चार माणसं साक्षीला असतात. ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाच्या मनातलं दाखवायचं कसं?

तुमच्या बाबतीत ते त्यानेच दाखवून ठेवलं आहे. स्क्रीनशॉट आधी आला आणि चावी नंतर गेली, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. 'आठ दिवसांनी देतो' म्हणून गाडी नेली असती आणि नंतर टाळाटाळ केली असती, तर मी तुम्हाला सरळ दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला असता. इथे मात्र पैसे पाठवल्याचं खोटं सांगून त्याने वस्तू ताब्यात घेतली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये हेच बसतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. स्क्रीनशॉट बनावट असल्याचं निघालं तर बनावट दस्तऐवजाची कलमं ३३६ आणि ३४० सुद्धा लागू शकतात.

आणि ते रविवारचं कारण. रिझर्व्ह बँकेने १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही सुरू ठेवली आहे. बँकेचं शटर बंद असलं तरी एनईएफटी चालूच असते आणि पैसे साधारण दोन-तीन तासांत जमा होतात. स्क्रीनशॉटवरचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक बँक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक) घेऊन तुमच्या शाखेत जा आणि अशी रक्कम आपल्या खात्याकडे आलीच नाही, असं लेखी मागा. तक्रारीला तो कागद जोडला की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं त्याने परवाच्या मेसेजने केलं. तुम्हाला त्या मेसेजचा संताप आला असेल. मी तो वाचून खूश झालो. '४० देणार नाही, १० देतो' असं लिहिणारा माणूस ४० हजार गेलेलेच नाहीत, हे कबूल करतो आहे. मग स्क्रीनशॉट कसला होता? तो मेसेज पुसला जाऊ नये म्हणून संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा पुरावा कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करून घेतील. जाहिरात, त्याचं प्रोफाइल, त्याचा नंबर यांचेही स्क्रीनशॉट काढा. २ हजार आणि १३ हजार ज्या यूपीआय खात्यातून आले, त्यावरून पोलिसांना त्याचं खरं नाव-पत्ता बँकेकडून मिळतो. ई-चलानही फेकू नका. त्या तारखेला गाडी धुळ्यात होती हे ते सांगतं आणि त्यातला फोटो उतरवून घेतला तर कोण चालवत होतं तेही कदाचित दिसेल.

तक्रार अमळनेरलाच द्या. स्क्रीनशॉट तिथे दाखवला, चावी तिथे दिली, त्यामुळे 'शिरपूरला जा' म्हणण्याला आधार नाही. शिवाय हद्द कुठलीही असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नोंद नाकारली तर जळगावच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर खात्यातून पैसे गेले असतील तेव्हा पहिल्या तासा-दोन तासांत लावायचा असतो. तुमच्या खात्यातून काही गेलेलं नाही, तेव्हा अडवून ठेवण्यासारखी रक्कमच तिथे नाही.

तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा आणि दुसरी चावी कपाटात कुलूप लावून ठेवा. चोरीच्या व्याख्येत मालकीपेक्षा ताब्याला महत्त्व आहे. ताबा आज त्याच्याकडे आहे आणि त्याने १५ हजार मोजलेले आहेत. रात्री जाऊन गाडी आणली तर पहिला एफआयआर तुमच्या भावावर होईल, तोही शिरपूरला, आणि मग फिर्यादी कोण नि आरोपी कोण, सगळा गोंधळ. चोरीची खोटी तक्रार तर त्याहून वाईट. टोकन, चॅट, १३ हजार, सगळं तुमच्याच मोबाइलमध्ये आहे; खोटं पकडायला पोलिसांना दहा मिनिटं लागतील. सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं हा कलम २१७ चा गुन्हा आहे. विम्याचा दावा त्यावर केलात तर आणखी एक.

ग्राहक आयोगाचा इथे संबंध नाही. तिथे तक्रार ग्राहकाने करायची असते आणि तुम्ही विक्रेत्या आहात. तुम्ही दुकान चालवत नाही, त्यामुळे त्यालाही तुमच्याविरुद्ध तिथे जाता येणार नाही.

गाडी ऑइल पिते, या त्याच्या म्हणण्याबद्दल मला तुम्हालाही एक विचारायचं आहे. जाहिरातीत काय लिहिलं होतं? जुनी वस्तू विकणाऱ्या खासगी माणसावर दर्जाची हमी कायदा आपोआप लादत नाही. माल विक्री कायदा, १९३० चं कलम १६ ही जबाबदारी प्रामुख्याने त्या वस्तूचा धंदा करणाऱ्यावर टाकतं. त्याने गाडी चालवून पाहिली होती, हेही तुमच्या बाजूने आहे. पण 'इंजिनचं काम नाही, अपघात नाही' असं छातीठोक लिहिलं असेल आणि मेकॅनिकने तुम्हाला आधीच वेगळं सांगितलं असेल, तर त्याला बोलायला जागा आहे. तसं असेल तर दोन-चार हजार कमी करून मिटवा. ते तुमचं तुम्हालाच माहीत. वकिलापासून मात्र लपवू नका.

गुन्हा नोंदवला म्हणजे पैसे आले असं होत नाही, हे मी अशा प्रत्येकाला सांगतो. पैशांसाठी नोटीस आणि दावा हा वेगळा मार्ग आहे. नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. तीत दोन पर्याय ठेवा : १५ दिवसांत ४० हजार देऊन नाव करून घे, नाहीतर गाडी परत कर आणि झीज, चलान, विम्याचा खर्च वजा करून तुझे १५ हजार घेऊन जा. दुसरा पर्याय मुद्दाम लिहा. फसवून झालेला सौदा रद्द करायचा हक्क तुम्हाला आहे. पण तुम्ही तो रद्द करण्याआधी त्याने गाडी एखाद्या प्रामाणिक, अनभिज्ञ माणसाला विकली, तर माल विक्री कायद्याच्या कलम २९ प्रमाणे त्या तिसऱ्याचा हक्क उभा राहू शकतो. आरसी न बघता गाडी घेणाऱ्याला प्रामाणिक म्हणणं अवघड, हा तुमच्याकडच्या आरसीचा खरा उपयोग. तरी उशीर नको, पाच आठवडे आधीच गेले आहेत.

दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे आणि तो अमळनेरच्या दिवाणी न्यायालयात करता येतो. ४० हजारांसाठी मी मात्र आधी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्याआधीचा, तडजोडीचा अर्ज करायला सांगेन. समितीचं काम कोर्टाच्या आवारातूनच चालतं. अशा अर्जाला कोर्ट फी नाही आणि महिला म्हणून तुम्हाला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची (निकालाची) ताकद असते आणि त्यावर अपील नाही. गुन्हा नोंदलेला असला की समोरचा माणूस तिथे येतो, एरवी येत नाही, हा आमच्या व्यवसायातला अनुभव.

त्याच्या मेसेजला आज एवढंच उत्तर द्या : 'त्या रविवारी तुम्ही ४० हजार पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, म्हणून मी चावी दिली. ती रक्कम जमा झालेली नाही. पैसे कधी देता ते लिहून कळवा.' फोन आला तर उचलू नका, लिहून बोलायला सांगा. तो पैसे द्यायला तयार झालाच तर भेट तुमच्या बँकेच्या शाखेत ठेवा, रस्त्यावर किंवा घरी नको. रक्कम खात्यात पडल्याचं काउंटरवर विचारून घ्या, मगच फॉर्म त्याच्या हातात द्या, आणि त्याच दिवशी नावबदलाचा ऑनलाइन अर्ज त्याच्याकडून तुमच्यासमोर भरून घेऊन पावतीचा फोटो काढा.