कॅव्हेट ‘मारत’ नाहीत, आणि त्यात कवी आहे

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा फोनवर सारखं ‘प्लॅन चांगलाय पण एक कॅव्हेट आहे’ म्हणतो, आणि इकडं गावात त्यांच्या दिरांनी शेताच्या वाटेवरून भावकीवर ‘कॅव्हेट मारलंय’. तर ही दोन्ही कॅव्हेट एकच का, उच्चार कॅव्हेट की कॅव्हिएट की केवियट, आणि त्याला मराठीत काय म्हणायचं?

ताई, मुलाचं आधी उरकतो. त्याला म्हणावं, आपल्याकडं ‘मेख’ आहे, ‘गोम’ आहे, प्लॅन चांगलाय पण एक मेख आहे असं म्हण, ऑफिसातल्या सगळ्यांना कळतं. विषय संपला.

आता ‘मारलंय’. ह्या ‘कॅव्हेट मारलंय’नं माझं डोकं उठतं. बत्तीस वर्षं मी सांगलीत कोर्टाच्या आवारात टायपिंग केलं, दावे, कैफियती, निशाणी पाचचे म्हणजे तात्पुरत्या मनाईचे अर्ज, सगळं ह्या हातानं गेलंय, आणि दर आठवड्याला कुणीतरी येऊन सांगणार की आमच्यावर कॅव्हेट मारलंय, आता काम बंद. एकदा एप्रिलात तासगाव भागातले एक आजोबा आले, सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी घातलेलं रजिस्टरचं पाकीट काढलं, टेबलावर ठेवून हातानं सपाट केलं आणि म्हणाले, “दादा, कोर्टानं माजं बोअर थांबवलंय बगा.” द्राक्षाची खरड छाटणी झालेली, बागेला पाणी नाही, आणि बोअरची गाडी दारात आलेली परत पाठवली, अडीच आठवडे काम बंद. मी कागद वाचला. त्यात बोअरचा शब्दसुद्धा नव्हता. चुलत भावाला भीती होती की सामाईक विहिरीवरच्या त्याच्या मोटरीविरुद्ध हे आजोबा कोर्टात जातील आणि गुपचूप मनाई आणतील, म्हणून त्यानं कोर्टाला आधीच सांगून ठेवलेलं की बाबांनो, मला ऐकल्याशिवाय काही हुकूम करू नका. एवढंच. आजोबांना कुणी थांबवलंच नव्हतं, एका शब्दाच्या धाकानं ते स्वतःच थांबले होते. गावातल्या एका शिकलेल्या माणसानं त्यांना ‘कॅव्हेट म्हणजे स्टे’ असं सांगितलेलं. मी त्यांना म्हटलं आजोबा, आधी घरी जा आणि गाडीला फोन करा, तर ते दोन मिनिटं नुसते पाकिटाकडं बघत बसले.

तर कायदा असा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीनं कलम १४८-अ घातलं. एखाद्याला वाटलं की समोरचा माणूस दाव्यात तूर्तातूर्त मनाईसारखा काही अर्ज देईल आणि आपल्याला न कळता एकतर्फी हुकूम घेऊन जाईल, तर त्यानं कोर्टात कॅव्हेट ठेवायचं आणि त्याची नोटीस समोरच्याला रजिस्टर एडीनं पाठवायची. मग खरंच अर्ज आला तर कॅव्हेट ठेवणाऱ्याला कळवावं लागतं आणि त्याला बोलायची संधी मिळते. मुदत ९० दिवस, पुढं पाहिजे असेल तर परत नवं. ह्यात मनाई कुठं आहे? पाकीट तुमच्या घरी येतं म्हणून ते तुम्हाला बजावलंय असं वाटतं, पण बजावलेलं असतं कोर्टाला, तुम्हाला फक्त कळवलेलं असतं.

आणि हे सगळं त्या एका लॅटिन शब्दाच्या व्याकरणातच आहे, ते कुणी बघतच नाही. कॅव्हेट हे लॅटिनमधी नाम नाहीच, आख्खं क्रियापद आहे. तृतीय पुरुष, एकवचन, आणि आपल्या ‘होवो, राहो, येवो’ सारखं रूप. म्हणजे ‘तो जपो’, ‘त्यानं सावध राहावं’. लॅटिनमधी शेवटी ट नाही, त् आहे, तो त् बघा, संस्कृतातल्या ‘भवेत्’ मधला त् आणि हा त् एकच. तर ‘तो’ म्हणजे कोण? शेजारी नव्हे! तो म्हणजे न्यायाधीश. कागद कोर्टाला म्हणतोय की साहेबांनी जपून राहावं, एका बाजूचं ऐकून सही करू नये. कोर्टातले हे लॅटिन शब्द बरेचसे असेच चालत्या वाक्यातून तोडून आणलेत. मँडॅमस, म्हणजे काम करायला लावणारा कोर्टाचा आदेश, त्याचा अर्थ ‘आम्ही आज्ञा करतो’, त्यातला शेवटचा मस् म्हणजे संस्कृतातल्या ‘वदामः’ मधला मः. अॅफिडेव्हिट म्हणजे ‘त्यानं शपथ घेतली आहे’, म्हणून तर अॅफिडेव्हिट टाईप करताना मला दर वेळी वाटायचं की सही व्हायच्या आधीच कागद खोटं बोलतोय. पण ते राहू दे, त्यावर परत कधी.

मला जे सांगायचंय ते हे, की हे जे क्रियापद आहे, कवेरे, म्हणजे जपणे, लक्ष ठेवणे, ह्याचं मूळ आणि आपल्या ‘कवी’चं मूळ एकच आहे. एकच! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, झोपच गेली. ‘कवी’ म्हटलं की आपल्याला झब्बा, माईक आणि श्रावणातली संमेलनं दिसतात, पण वेदात कवी म्हणजे नुसता कविता करणारा नव्हे, कवी म्हणजे ज्याला दिसतं, ज्याचं लक्ष असतं, जो दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेलं टिपतो तो. आपण सांगलीच्या गणपतीपुढं उभं राहून ‘गणानां त्वा गणपतिं हवामहे कविं कवीनाम्’ म्हणतो, तिथं गणपती काय कविता करतो म्हणून कवी आहे का? ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला ‘कविक्रतुः’ म्हटलंय. गीतेत दहाव्या अध्यायात ‘कवीनामुशना कविः’ आहे, आणि उशना म्हणजे शुक्राचार्य, दैत्यांचा गुरू, नीतीतला पक्का, डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस. त्याच्या कविता कुणी पाठ केल्यात? कवी म्हणजे पहाऱ्यावरचा डोळा. आणि कॅव्हेट म्हणजे त्या डोळ्याला दिलेली हाक. मुळातला लॅटिन उच्चारसुद्धा ‘कवेअत्’ असाच होता, ‘कॅ’ नव्हता आणि ‘व्हे’ही नव्हता. मोठ्यानं म्हणून बघा. कवि, कवेअत्. अंगावर काटा येतो की नाही?

पुढं इराणात जा. त्यांच्या जुन्या अवेस्ता भाषेत कवि हीच राजांची पदवी झाली, मग घासून घासून तिचं ‘कै’ झालं, कैकुबाद, कैखुश्रू. आपल्याकडच्या पारशांत कैखुशरू नाव असतं, त्यातला ‘कै’ हा आपला कवी आहे. युरोपात जा. तिथं कवेरेपासून इंग्रजीत कॉशन आलं, कॉलेजात आपण कॉशन मनी भरतो ते. आणि त्याच मुळाला पुढं स् लागून तिकडं ‘शो’ झाला, म्हणजे दाखवणं, मूळ अर्थ बघणं. म्हणजे विश्रामबागच्या कुठल्याही शोरूमच्या पाटीत, कॉशन मनीच्या पावतीत, कोर्टातल्या कॅव्हेटमधी आणि गणपतीच्या मंत्रात एकच जुना धातू बसलाय, आणि आपण चारी ठिकाणी त्याच्या अंगावरून जातो.

आता भांडणाचा मुद्दा. मागं इथं एका व्याख्यानात एका विद्वान गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं की कॅव्हेट हा शब्द संस्कृत ‘कवच’ वरून आला, कारण ते कायद्याचं कवच आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून विचारलं की ‘च’ चा ‘त’ कुठं आणि कसा झाला, तर म्हणे ध्वनी बदलतात. बदलतात, पण नियमानं बदलतात, मनाला येईल तसे नाही बदलत! आणि ह्या कवचाच्या कल्पनेनंच घोळ होतो, कवच म्हटलं की माणसाला वाटतं आपण आता आत सुरक्षित आणि समोरचा बाहेर बंद. मग ‘मारलंय’ सुरू होतं. दुसरे एक जण गनिमी काव्यालाही ह्यात ओढतात, तो कावा घोड्याचा आहे, घोडा दोरीला धरून रिंगणात गोल फिरवतात तो, त्याचा इथं काही संबंध नाही. आणि तिसरे, जे म्हणतात बघा लॅटिनसुद्धा संस्कृतातूनच निघाली, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की बाप-लेक आणि चुलत भाऊ ह्यात फरक असतो. कवी आणि कवेरे एकाच आज्याची नातवंडं, आजा लिहायला शिकायच्या आधीच गेला. ह्यात आपला मान कमी कुठं होतो ते मला आजवर कळलेलं नाही. सात-बारावर सगळी भावकी असते म्हणून कुणाची जमीन खोटी ठरत नाही.

एक गोष्ट सांगायचीच राहत होती. इटलीत पॉम्पेई गाव ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, सन ७९ मधे, तिथं एका घराच्या उंबऱ्याशी साखळीला बांधलेला काळा कुत्रा बारक्या दगडांच्या तुकड्यांनी काढलाय आणि खाली लिहिलंय ‘कवे कानेम’, कुत्र्यापासून जपा. हे तेच क्रियापद, आज्ञार्थी. आणि उत्खनन करणाऱ्यांनी त्या घराला नाव काय दिलं? शोकान्त कवीचं घर! त्यांनी ते घरातल्या चित्रांवरून दिलं, शब्दाचं नातं त्यांच्या मनातही नसणार. पण उंबऱ्यात ‘कवे’ आणि घराचं नाव कवी, हे मी दहा जणांना तरी सांगितलंय.

आणखी एक तुमच्या ओळखीचं, ‘कॅव्हेट एम्प्टॉर’, म्हणजे घेणाऱ्यानं जपावं. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यात कलम १६ त्याच तत्त्वावर उभं आहे, अपवादांसकट. आपल्याकडं खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड घेताना हे कुणाला शिकवावं लागत नाही, तोंड उघडून दात बघायचे, आदत (दुधाच्या दातांचा) आहे का दुसा (दोन दाती) का चौसा (चार दाती), चालवून बघायचं, शेपटापासून वशिंडापर्यंत हात फिरवायचा, मगच रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. नंतर लंगडतोय म्हणून आलात तर विकणारा विचारणारच की तेव्हा डोळे कुठं होते. इथं ‘तो’ म्हणजे घेणारा, आणि कोर्टातल्या कॅव्हेटमधी ‘तो’ म्हणजे न्यायाधीश. शब्द एक, ‘तो’ बदलला की अर्थ बदलला.

हां, मराठी शब्द. सावधपत्र, सावधानपत्र असलं काय काय सुचवतात, मला एकही पटत नाही, कारण त्यात परत धमकीचा वास येतो आणि आजोबा परत घाबरणार. वकील, दावा, अर्ज, हुकूम, जामीन, दरखास्त हे सगळे बाहेरून आले आणि आपले झाले, तसं कॅव्हेटही होऊ दे, ते झालेलंच आहे. फक्त क्रियापद बदला. कॅव्हेट ‘मारत’ नाहीत, ‘लावत’ नाहीत, कॅव्हेट ‘ठेवतात’ किंवा ‘दाखल करतात’. आणि घरात म्हाताऱ्या माणसाला सांगायचं असेल तर ‘आमचंबी ऐका म्हणून दिलेला अर्ज’ असं सांगा, त्यांना बरोबर कळतं.

उच्चार कॅव्हेट ठेवा, ताई, कोर्टात सगळे तोच करतात. आणि दिरांनी ते कुठल्या तारखेला ठेवलं तेवढं कागदावर बघून घ्या, ९० दिवस त्या तारखेपासून मोजायचे, पाकीट घरी आलं त्या दिवसापासून नाही.