कॅपची तारीख गेल्यावर

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. इंजिनिअरिंगच्या कॅपची, म्हणजे सरकारी केंद्रीकृत प्रवेश फेऱ्यांची, नोंदणी हुकली, सीईटी या प्रवेश परीक्षेचे मार्क हातात आहेत, आणि वडिलांना कारखान्यात कुणीतरी सांगितलंय, ‘आज पैसे भरा, सीट पक्की करून देतो.’ हो म्हणू का, असं तू विचारतेस. आज तरी म्हणू नकोस. आधी हे वाच, वडिलांनाही वाचून दाखव, मग घरात बसून ठरवा.

मुदत संपल्यानंतरही इंजिनिअरिंगची ऑनलाइन नोंदणी काही दिवस चालू ठेवतात. मात्र अशा अर्जांचा विचार फक्त नॉन-कॅप जागांसाठी होईल, असं सूचनेत लिहिलेलं असतं. म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागा आणि फेऱ्या संपून रिकाम्या राहिलेल्या जागा. कारखान्यात भेटलेला तो एजंट तुला जी ‘सीट’ दाखवतोय ती यातलीच. ती खोटी नाही. पण ती कशी मिळाली यावर चार वर्षांचा खर्च ठरतो, आणि ते तो सांगणार नाही.

हिशेब असा. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीलाही हीच अट आहे. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागेवर, गेलीस तर पुढे उत्पन्नाचा दाखला कितीही चोख असला तरी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तुझा अर्ज टिकणार नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेल्या माणसाने हे ऐकल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

त्या जागासुद्धा ‘देऊन टाकायच्या’ नसतात. संस्थेने जाहिरात द्यायची, अर्ज घ्यायचे, गुणवत्ता यादी लावायची, असा नियम आहे. यादी लागली का, विचार. ठरलेल्या फीपेक्षा वर कुणी काही मागितलं तर ते कॅपिटेशन, आणि महाराष्ट्रात त्यावर १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. शिवाय प्रवेशाची एक अंतिम तारीख असते. तिच्यानंतर कॉलेजने तुला वर्गात बसवलं तरी प्रवेश नियामक प्राधिकरण तो प्रवेश मान्य करत नाही. अशी मुलं मग परीक्षेच्या तोंडावर ऑफिसात रडत येतात. तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही.

तू लिहिलंस, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला सेतू केंद्रातून आला नाही म्हणून थांबलो. अर्ज केल्याची पावती जोडून नोंदणी करायची आणि मूळ दाखला नंतर द्यायचा, अशी सवलत हे प्रवेश चालवणारा सीईटी सेल देत आलाय. बऱ्याच घरांना हे कुणी सांगतच नाही. आता हळहळ नको, पण पुढच्या वर्षीसाठी लक्षात ठेव. दाखला हाती आला की त्यावरची मुदतही वाच.

दुसरा रस्ता बी.एस्सी.चा, आणि तो मला तुझ्यासाठी जास्त पटतो. संगमेश्वर, दयानंद, वालचंद या सोलापुरातल्या तिन्ही कॉलेजांत जाऊन ये. फोनवर ‘अ‍ॅडमिशन बंद’ एवढंच ऐकायला मिळतं, खिडकीपाशी उभी राहिलीस तर कोणत्या विषयाला जागा उरलीय ते कळतं. फिजिक्सला बहुधा असते. विद्यापीठाची मुदत संपली असेल तर विलंब शुल्क आणि कुलगुरूंची परवानगी असा मार्ग असतो. तो प्रस्ताव कॉलेजच पाठवतं, त्यासाठी तुला केगावला विद्यापीठात चकरा मारायच्या नाहीत. (२००४ पूर्वी आपली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखाली होती, असली कागदं कोल्हापूरला जायची. तुमचं त्या मानाने बरं आहे.)

अर्ज प्राचार्यांच्या नावाने, हाताने लिहिलेला, अर्ध्या पानाचा. कोणत्या वर्गात, कोणत्या विषयांसाठी प्रवेश हवा, बारावीचे गुण किती, उशीर कशामुळे झाला. उशिराचं कारण दोन ओळींत आणि त्याचा कागद सोबत. तुझ्या बाबतीत सेतूची पावतीच पुरेशी आहे, तिच्यावर तारीख असते. घरची परिस्थिती, लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे लिहू नकोस. मी कॉलेजच्या ऑफिसात आयुष्य काढलंय, ती ओळ कुणी वाचत नाही. वाचतात ती तारीख आणि जोडलेल्या कागदांची यादी. अर्जाच्या दोन प्रती ने. आवक-जावकच्या टेबलावर एक दे आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक घे. ‘साहेबांना भेटून जा’ म्हणाले तरी आधी शिक्का. तोंडी विनंतीचा माग राहत नाही, आवक क्रमांकाचा राहतो. टीसी जमा करण्याआधी तिच्या झेरॉक्स काढून ठेव.

बी.एस्सी. करता करता पुढच्या वर्षी सीईटी पुन्हा देता येईल. यंदाचे मार्क तेव्हा चालणार नाहीत, हे मात्र धरून चाल. नुसतं घरी बसलीस तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. ती काही लाजिरवाणी गोष्ट नाही, एक कागद वाढतो इतकंच.

मुक्त विद्यापीठाचं नाव काढलं की तुझी आई नाक मुरडेल, तरी सांगतो. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, त्याचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै आणि जानेवारी. म्हणजे जानेवारीत आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारासही एक संधी असते. युजीसीच्या लेखी ती पदवी इतर पदवीसारखीच. पण तुला प्रयोगशाळेची गोडी आहे, म्हणून मी ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

वडिलांना सांग, त्या माणसाला फीची पावती कोणत्या संस्थेच्या नावाने देणार आणि प्रवेश कॅपचा की व्यवस्थापन कोट्याचा, हे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर आलं तर मला पाठवा. उद्या सकाळी ऑफिस उघडताच दयानंदला जा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असते. अर्जाचा मजकूर आज रात्रीच पाठवलास तर झोपण्याआधी बघून देतो.

तुझा,
काका