पुढे असताना सामना का निसटला?

प्रश्न : तिसऱ्या क्वार्टरअखेर आमचा महाविद्यालयीन मुलींचा बास्केटबॉल संघ 9 गुणांनी पुढे होता. मग समोरच्यांनी पूर्ण कोर्टवर प्रेस लावला (म्हणजे आमच्याच अर्ध्या भागापासून अंगावर येऊन अडवायला सुरुवात केली) आणि आम्ही 4 गुणांनी हरलो. 18 पैकी 11 फ्री थ्रो (फाउलमुळे मिळणारे, कुणी न अडवता मारायचे नेम) हुकले. सरावात काय बदलू? – एक कर्णधार, सांगली

उत्तर : आधी प्रेसचं बघा, सामना तिथंच गेला. चेंडू हातात आलेली मुलगी गडबडून साइडलाइनकडे ड्रिबल करते आणि रेषा व दोन बचावपटू यांच्यात कोंडली जाते. अर्धं कोर्ट ओलांडायला 8 सेकंद असतात. नीट दिलेले तीन पास पुरतात. थ्रो-इन करणारीनं, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत देणारीनं, पास देताच आत यावं, एकीनं चेंडूच्या मागे राहावं आणि उंच मुलीनं मधल्या वर्तुळात चेंडूकडे तोंड करून उभं राहावं. रोज 15 मिनिटं पाच विरुद्ध सात खेळा. सात जणींतून चेंडू काढायची सवय झाली की पाच जणींचं दडपण येत नाही.

फ्री थ्रो ताज्या दमानं मारून उपयोग नाही. कोर्टला दोन फेऱ्या धावून लगेच दोनच मारा, असं दहा वेळा. दमल्यावर गुडघे वाकत नाहीत, म्हणून चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो.

बाकावरच्या एकीला आपले सांघिक फाउल (सगळ्या खेळाडूंचे मिळून) मोजायला सांगा. क्वार्टरमधल्या पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात.