अमली की अंमली? आणि एमडीला 'गुंगीकारक' काहून म्हणायचं?

प्रश्न असा आहे. नागपुरातल्या एका कॉलेजच्या पोरीला व्यसनविरोधी रॅलीचं बॅनर करायचंय, आणि "अमली पदार्थ" लिहायचं की "अंमली पदार्थ" यावरून तिच्या ग्रुपात जुंपली. एक जण म्हणतो अनुस्वार पाहिजेच. दुसऱ्यानं व्हॉट्सॲपवरचा एक फॉरवर्ड आणून टाकला, की हा शब्द म्हणजे अ + मल, ज्यात मळ नाही असा शुद्ध पदार्थ, भांग-गांजा सगळं एकच, भांग शंकराला वाहतात म्हणून हे नाव पडलं आणि मग इंग्रजांनी बंदी घालून तिला बदनाम केलं. सोबत तिचा स्वतःचा एक प्रश्न, जो मला जास्त आवडला: अमली पदार्थांच्या कायद्याच्या मराठी नावात "गुंगीकारक" शब्द आहे, पण एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचा ड्रग, घेणारे तर रात्र रात्र जागे असतात म्हणे, मग गुंगी कुठं आली?

आधी बॅनरचं उरकून टाकू. "अमली" लिहा. गंमत पण गमतीत, किंमत पण किमतीला, हिंमत पण हिमतीनं, तसंच अंमल पण अमलात. म च्या आधीचा हा अनुस्वार सामान्यरूपात गळतो, हा मराठी शुद्धलेखनातला ठरलेला नियम आहे, आणि किंमतचं विशेषण किमती होतं तसं अंमलचं अमली. अंमलबजावणी आणि अंमलदार यात अनुस्वार टिकतो कारण तिथं अख्खा अंमल जसाच्या तसा पुढच्या शब्दाला चिकटलाय. आता पेपरात, पाट्यांवर "अंमली" सर्रास दिसते आणि बोलतानाही बरेच जण तसंच बोलतात, त्यामुळे कोणी अंमली लिहिलं म्हणून त्याची शाळा घेत बसू नका बाप्पा, तुमची रॅली राहील बाजूला.

आता तो फॉरवर्ड. संस्कृतात अमल म्हणजे निर्मळ हा शब्द खरंच आहे, विमल त्याचाच भाऊ, म्हणून ही थाप पटकन खपते. पण आपला अंमल तो नाहीच. हा अरबी आहे, मूळ अर्थ काम, कृती, आणि फारसीच्या वाटेनं तो राज्यकारभारात शिरला. भोसल्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल, म्हणजे सत्ता. कोणाची सत्ता चालते, तर त्याचा अंमल. आणि मग माणसाच्या डोक्यावर दारूची किंवा भांगेची सत्ता चालायला लागली की तोही अंमलच, "भांगेचा अंमल चढला" असं आपण म्हणतोच की. म्हणून "अमली पदार्थविरोधी कायद्याची अंमलबजावणी पोलीस अंमलदार करतात" या एका वाक्यात तोच शब्द तीनदा आलाय आणि तिन्हीकडे अर्थ वेगळा, मला तर हे वाक्य लय आवडते.

राजस्थानात अमल म्हणजे चक्क अफू. पंजाबीत अमली म्हणजे व्यसनी माणूस. मराठीत मात्र माणसाला अमली म्हणत नाहीत, "तो अमली आहे" म्हटलं तर समोरचा बघतच राहील. माणसासाठी आपल्याकडे बेवडा, गंजेडी, चरसी, गर्दुल्ला असे एकेका मालानुसार वेगळे शब्द आहेत.

पण लक्षात घ्या, अमली या शब्दात पदार्थ कसला आहे, झोपवतो की जागवतो, यातलं काहीच नाही. फक्त ताबा घेतो एवढंच आहे. म्हणून तो शब्द सगळ्यांना पुरतो. भानगड "गुंगीकारक"नं केलीये. १९८५ च्या कायद्याचं, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याचं मराठी नाव आहे "गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम". इंग्रजीतल्या नार्कोटिकचं हे भाषांतर, आणि नार्कोटिक येतो ग्रीकमधून, जिथं मूळ शब्दाचा अर्थ बधिरपणा. अफू, मॉर्फिन, हेरॉइन यांना तो शब्द चपखल बसतो, माणूस पेंगतोच. पण कायद्यानं त्याच खान्यात कोकाचं पान आणि कोकेनही टाकलं, जे माणसाला झोपू देत नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत कोकेन गुंगीकारक आहे आणि शरीराच्या भाषेत नेमकं उलट. एमडी २०१५ साली या कायद्याखाली आलं, आणि ते आलं नावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांत. तर पोरीची शंका बरोबर आहे, एमडी गुंगीकारक नाहीच, कायद्यानंही नाही.

हे नुसतं शब्दांचं खुसपट नाही. नशा म्हणजे डुलणं, तोंडाला वास येणं, पाय लटपटणं हेच चित्र आपल्या डोक्यात फिट बसलंय, आणि आई-बाप त्याच खुणा शोधतात. पोरगं रात्रभर टक्क जागं आहे, भूक नाही, सारखी बडबड, जबडा घट्ट आवळलेला, तर घरचे म्हणतात अभ्यासाचं टेन्शन असन. गुंगी नाही म्हणजे नशा नाही, हा गैरसमज त्या एका शब्दानंही पोसलाय असं माझं मत आहे.

फॉरवर्डवाल्याचं दुसरं विधान, की भांग-गांजा सगळं एकच आणि इंग्रजांनी बंदी आणली. झाड एकच, हे खरं. पण पानांची भांग, शेंड्यावरच्या फुलोऱ्याचा गांजा, आणि त्यातून निघणाऱ्या राळेचं चरस. एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलं-फळं धरलेले शेंडे, आणि शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात मोजायच्या नाहीत. म्हणून भांग या कायद्यातून सुटली आणि राज्यांच्या हातात गेली. त्याचा अर्थ शिवरात्रीला कोणीही कुठंही घोटावी असा नाही हो, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि भांगेलाही परवाना लागतो. गांजाची व्यापारी मात्रा २० किलोच्या वर, चरसची १ किलोच्या वर, आणि तिथून शिक्षा १० ते २० वर्षं. गांजाच्या केसचा पंचनामा वाचलाय कधी? "उग्र वासाचा, ओलसर, पाने, फुले, काड्या व बिया मिश्रित हिरवट पदार्थ" असं ठरलेलं वाक्य असते. यातल्या "मिश्रित"वर पुढं कोर्टात वकील तुटून पडतात, की पानं-काड्या बाजूला केल्या तर वजन किती उरते. एका शब्दावर माणसाची दहा वर्षं लटकलेली असतात.

आणि इंग्रजांचं म्हणाल तर त्यांना गांजातून अबकारी कर मिळायचा, ते कशाला बंद करतात. इंग्लंडच्या संसदेत ओरड झाली म्हणून १८९३ साली त्यांनी हेम्प ड्रग्ज कमिशन, म्हणजे भांग-गांजाची चौकशी करणारा आयोग, नेमलं. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, आणि या प्रांतातला गांजा निमाडात खंडव्याकडे पिकायचा, लायसन्सच्या दुकानातून विकला जायचा. कमिशननं १८९४ ला रिपोर्ट दिला की संपूर्ण बंदीची गरज नाही, बेतानं घेणाऱ्यावर फारसा वाईट परिणाम दिसत नाही, अति केलं तर दिसतो. त्यातला वेडाच्या इस्पितळांचा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. गांजानं वेड लागते याचा पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे दाखवायचे, आणि कमिशननं ती रजिस्टरं उघडून बघितली तर कारणाच्या रकान्यात "गांजा" हा शब्द बरेचदा पोलिसांच्या कागदावरून नुसता उतरवलेला, तपास काहीच नाही. याचा अर्थ गांजा निरुपद्रवी असा पण काढू नका, कमी वयात आणि जास्त प्रमाणात घेतला तर सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका वाढतो हे आजचे डॉक्टर सांगतात. बंदी खरी आली ती १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे, ज्यात गांजा बंद करायला २५ वर्षांची मुदत होती, आणि मग आपल्या संसदेनं १९८५ ला कायदा केला. गंमत बघा, आपण दारूबंदी म्हणतो, गुटखाबंदी म्हणतो, पण गांजाबंदी हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. एके काळी तो दुकानात मिळायचा हेच लोक विसरलेत, कायमच चोरीचा माल होता असं वाटते.

जाता जाता दारू. हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध, दवादारूमध्ये तो जुना अर्थ अजून जिवंत आहे, आणि दारूगोळ्यात तिसराच. मोहाच्या दारूतला मोह हा भुरळ पाडणारा मोह नाही, संस्कृत मधूक, प्राकृत महुअ, त्यावरून आपलं मोहाचं झाड. मद्य मात्र खरंच मद वरून आलंय, मादक आणि उन्मादही तिथलेच. आणि नागपूरकरांना यातला सगळ्यात ओळखीचा शब्द बौद्धांच्या पंचशीलातला, "सुरामेरयमज्जपमादट्ठाना". मज्ज म्हणजे मद्य, पमाद म्हणजे प्रमाद, बेसावधपणा, दोन्ही त्याच मद् धातूचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सतरावी साध्या मराठीत आहे, मी दारू पिणार नाही. पण पाली शब्दात कुठल्या एका मालाचं नाव घेऊन न थांबता बेसावधपणावरच बोट ठेवलंय, गुंगी येवो नाहीतर जाग. गुंगीकारकपेक्षा मला हा शब्द कितीतरी नेमका वाटतो.

राहिला खर्रा. पानठेल्यावर पन्नीत घोटून देतात तो, सुपारी, तंबाखू, चुना. "खर्रा काही नशा नाही ना भाऊ" हे आपल्याकडे दिवसभर ऐकू येते, आणि कायद्याच्या अर्थानं तो अमली पदार्थात बसत नाही हे खरंच आहे, दारूही बसत नाही. पण निकोटिन डोक्यावरच काम करते आणि सकाळी पुडी नाही मिळाली की माणूस कसा चिडचिड करते ते बघा, अंमल याहून वेगळा काय असतो. म्हणून बॅनरवर नुसतं "अमली पदार्थांना नाही म्हणा" लिहिलं तर वाचणारा खर्रा तोंडात धरूनच मान हलवेल. "दारू, खर्रा आणि अमली पदार्थ" असं तिन्ही लिहा, जागा कमी पडली तर अक्षर बारीक करा, आणि खर्रा पहिला टाकला तरी चालते.